गिळायचं नाही

३ मार्च

आज रुजू झाले. ऊन इतकं छान होतं की बस सोडून चालतच गेले. कारखान्याच्या फाटकाशी भाजलेल्या पिठाचा वास, वळणावर तळणाचा, शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा. पहारेकऱ्याने विचारलं, चव घेणाऱ्या बाई का? मग म्हणाला, मजा आहे तुमची, आम्ही आपले वासावर जगतो.

स्वस्त किराणा दुकानांच्या एका साखळीसाठी इथे माल तयार होतो. चिप्स, क्रीमची बिस्किटं, पाकिटातलं सूप, झटपट नूडल्स, जेली, चॉकलेट म्हणवून घेणाऱ्या वड्या. दुकानात जाण्याआधी तो आम्ही चाखायचा आणि नामवंत मालाच्या किती जवळ जातो ते सांगायचं. पूर्ण जवळ जावा अशी कुणाची अपेक्षा नसते.

चाखायच्या खोलीत भिंतीलगत चार कप्पे आहेत, मतदानाला असतात तसे. प्रत्येकात एक स्टूल, एक फळी, लाल दिवा आणि समोरच्या भिंतीत वीतभर सरकती झडप. झडपेपलीकडे स्वयंपाकघर. तिथून पांढऱ्या कागदी पेल्यांतून माल येतो, पेल्यावर नुसता आकडा. लाल दिव्यात रंग कळत नाही. डोळे जिभेला फितवतात म्हणून ही सोय. डाव्या हाताला कोमट पाणी, उजव्या हाताला झाकणाचा पेला. तो थुंकायला.

नियम मावशींनी सांगितला. स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मोठे साहेबसुद्धा. गिळायचं नाही, त्या म्हणाल्या. पोटात गेलं की जीभ पोटाची बाजू घेते. त्यांना आकडे वाचता येतात, अक्षरं येत नाहीत. त्यावर त्या स्वतःच हसतात. पाकिटावर काय लिहिलंय ते मला कळत नाही, म्हणून तर मला इथे ठेवलंय, म्हणाल्या. माझा दंड चिमटीत धरून बघितला आणि म्हणाल्या, वाऱ्याने उडशील गं, खिशात दोन दगड ठेव.

शेजारच्या कप्प्यातल्या जाड गृहस्थांना उंदीर म्हणतात, कारण ते बिस्किट कडेकडेने कुरतडतात. त्यांनी विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं. म्हटलं, मीच. मग जमेल तुम्हाला, म्हणाले, वाईटाची सवय असेल.

मी खूप हसले. खरंच हसले.

मला दुसरा कप्पा मिळाला आहे. ताईचा.

६ मार्च

ताईचं लग्नानंतरचं आडनाव वेगळं होतं. इथे कुणाला काही कळलेलं नाही.

लिहून ठेवते. कस्टर्डच्या पावडरीचा नवा माल आला होता. ताईने पहिल्याच चमच्याला सांगितलं की गोडाखाली काहीतरी आहे, गंजलेल्या नळासारखं. खरेदी बघणारे साहेब म्हणाले, बाईंना सर्दी झाली असेल. दुधाची ती भुकटी त्यांनीच कुठूनतरी स्वस्तात उचलली होती. माल दुकानांत गेला. मुलं ओकायला लागली. वर्तमानपत्रवाले फाटकाशी येऊन उभे राहिले, तेव्हा मोठ्या साहेबांनी ताईला खाली बोलावलं. टेबलावर वाडगा ठेवला, समोर कॅमेरे. आमच्या परीक्षक हेच खातात, बघा, असं ते म्हणाले. ताई विधवा होती, नोकरी सोडणं तिला परवडणारं नव्हतं. तिने वाडगा संपवला. पुढच्या आठवड्यात ती गेली. कागदोपत्री जुनं पोटाचं दुखणं. ताईचं पोट कधी दुखलेलं मला माहीत नाही. ती खडेही पचवायची.

ती चित्रफीत मी पुष्कळदा पाहिली आहे. तिच्यात फक्त ताई आणि वाडगा दिसतो. शेवटी शेवटी ताईचा हात कापायला लागतो. मग कडेने दुसऱ्या कुणाचा तरी हात येतो, तिच्या हातातला चमचा काढून घेतो, शेवटचा घास तिच्या तोंडाला लावतो. तिथे चित्र संपतं.

एक खरेदीवाले, दुसरे मोठे साहेब, तिसरा तो हात. या तिघांचं वाटोळं झालेलं मला बघायचं आहे. सरळ लिहिलं, म्हणजे पुढे स्वतःशी साळसूदपणा नको.

आज सगळे जेवायला गेल्यावर मी कप्प्यात बसले. झडपेला तोंड लावून म्हणाले, ताई, तिघंही. एकही सोडायचा नाही.

१० मार्च

काम आवडतं, हे कबूल करायला हवं. आज चीजचे कुरकुरे. चीज कुठेच नाही. मीठ, आंबटपणा आणि धीटपणा. उंदरांनी शेरा दिला की हे खाऊन गाय नुकसानभरपाई मागेल.

मावशी रोज सकाळी माझ्यासाठी साध्या पावाचा तुकडा बाजूला ठेवतात. उपाशी ये म्हणतात आणि उपाशी आलं की रागावतात.

खरेदीवाल्यांना जवळून पाहिलं. उंच, कायम सर्दी झालेले. कपाळाला मलम चोपडतात आणि दिवसभर घशाच्या गोळ्या चघळतात. ते खोलीत येऊन गेले की अर्धा तास कशाचीच चव लागत नाही. दुसऱ्याला सर्दी झाली असेल म्हणणारा माणूस हा.

चाखता चाखता लहानपणीचा खेळ आठवला. ताई माझे डोळे बांधायची, हनुवटीवर नखाने दोनदा टकटक करायची, मग मी तोंड उघडायचं. ती जिभेवर काहीबाही ठेवायची. साबणाचा चुरा, मध, खडूचा तुकडा. ओळख म्हणायची. तिचा नियम इथल्या नियमाच्या उलट होता: गिळल्याशिवाय उत्तर नाही. न गिळता सांगितलेलं सगळं तोंडदेखलं, म्हणायची. मी नेहमी गिळायची. ताईने दिलेलं थुंकायचं कसं?

१४ मार्च

सकाळच्या फेरीत तीन पेले आले, तिन्हींवर आकडे. मी शेरे लिहिले, पाणी प्यायले, उठणार इतक्यात झडपेवर टकटक झाली. दोनदा. नखाने.

झडप सरकली. चौथा पेला. आकडा नाही.

कुरकुरेच होते. जिभेवर ठेवले आणि मिठाखालून मलम वर आलं. मलम, घशाची गोळी, घामेजलेली कॉलर, पेनाचं चघळलेलं टोपण. माणूसच्या माणूस. मी थुंकले आणि तीनदा चूळ भरली.

मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, तीनच दिले बाळा, चौथा कुठला, मी तर झडपेला खिटी लावून भांडी घासायला बसले होते. पलीकडे जाऊन पाहिलं. खिटी लावलेली होती.

पेला घरी आणला आहे. आता उजेडात बघते आहे. काठावर नखांच्या चंद्रकोरी आहेत, ओळीने, सगळीकडून. ताई बोलता बोलता पेल्याचा काठ अशीच नखलायची. आई तिला ओरडायची, पेल्याने काय घोडं मारलंय तुझं म्हणून.

१७ मार्च

पुन्हा चौथा पेला. पुन्हा तोच माणूस.

या वेळी गिळला.

सांगते कसं लागलं. गोड लागलं. घशातून उतरताना थोडं अडलं, मग उतरलं, आणि पोटात ऊब पसरली. मला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

१९ मार्च

खरेदीवाल्यांच्या तोंडाची चव गेली आहे. स्वयंपाकघरात येऊन मावशींकडे लोणी मागत होते, मीठ मागत होते, मिरपूड मागत होते. सगळं पाण्यासारखं लागतंय म्हणाले. घास घशाखाली उतरत नाही. मी बेसिनपाशी हात धूत होते. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला या सूपची चव लागते का हो?

मी म्हटलं, साहेब, सर्दी झाली असेल.

२४ मार्च

रोज एक पेला. रोज गिळते. सूपमधून येतो, जेलीतून येतो, काल वडीतून आला. पहिल्या दिवशी वरवरचं तेवढं कळलं होतं. आता खोलवरचं कळतं. त्यांना अंधाराची भीती वाटते. लहानपणी त्यांनी कुत्र्याचं पिल्लू विहिरीत टाकलं होतं. हे चवीतून कसं कळतं ते सांगता येणार नाही, पण कळतं. विहिरीचं पाणी लागतं.

आज ते खुर्चीवरून उठताना पँट सावरत होते.

३० मार्च

खरेदीवाले गेले. डॉक्टर म्हणे चक्रावले आहेत, पोट साफ कोरडं होतं. मोठ्या साहेबांनी आम्हाला उभं करून शांतता पाळायला लावली. उंदीर कुजबुजले, माणूस साठ पाकिटांचा माल होता, सहा पाकिटांचा होऊन गेला. मला हसू आवरेना. लोकांना वाटलं रडते आहे. मावशींनी पाठीवर हात फिरवला.

४ एप्रिल

आता पेल्यात मोठे साहेब. ते घशाखाली लवकर उतरतात. चामड्याचा पट्टा, दाढीनंतरचं पाणी, पित्ताच्या गोळ्यांचा खडू. आत फारसं काही नाही. पिल्लू नाही, विहीर नाही. पोकळ बिस्किट.

त्यांनी पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं आहे. नंतर आणखी एक.

९ एप्रिल

साहेबांनी वर बोलावलं. एकटेच होते. टेबलावर आपल्याच मालाची पाकिटं फोडून ठेवलेली, प्रत्येकातला एकेक घास खाऊन टाकलेला. म्हणाले, तुमची जीभ इथे सगळ्यात चांगली आहे, खरं सांगा, हे पुठ्ठ्यासारखं लागतं का? म्हटलं, मालच तसा आहे साहेब.

मग मी सांगितलं मी कुणाची बहीण ते. ताईचं नाव घेतलं. आडनाव घेतलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे. म्हणाले, कोण?

मी म्हटलं, कस्टर्ड.

अच्छा, म्हणाले, त्या कस्टर्डवाल्या. बऱ्या आहेत का आता?

खाली आले. झडप वाजायची वाट न बघता मीच तिच्यावर टकटक केली.

१३ एप्रिल

साहेब गेले.

राहिला तो हात. मी रोज सगळ्यांचे हात बघते.

१५ एप्रिल

साहेबांच्या शोकसभेनंतर मी आणि मावशी स्वयंपाकघरात बसलो होतो. त्या चहा ढवळत होत्या. दोन माणसं गेली, म्हणाल्या, या जागेला शापच लागलाय. तुझ्या आधी त्या कप्प्यात एक पोरगी होती, तिच्यापासून. मग सांगायला लागल्या. त्या दिवशी साहेबांनी मावशींनाच वाडगा घेऊन यायला सांगितलं होतं. कस्टर्डमध्ये काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं; मुलांचं ओकणं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पोरीचा हात कापायला लागला. त्यांना वाटलं, एवढ्या लोकांसमोर घाबरली. म्हणून त्यांनी चमचा घेतला आणि शेवटचा घास भरवला. एवढं गिळ बाळा, म्हटलं, म्हणजे सुटलीस. अगं, तिने माझ्याकडे बघितलं आणि गिळलं, असं म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

माझ्या पावाचा तुकडा ज्यात ठेवतात त्या बशीवर त्यांचा हात होता. मी त्या हाताकडे बघत राहिले. चित्रफितीत त्याची बोटं जाड दिसतात. तशी नाहीत.

आत आग लागली होती. या बाईने माझ्या बहिणीला भरवलं.

१६ एप्रिल

पेला आला. धुण्याचा साबण, तापलेलं दूध, कालच्या पावाची कड.

गिळला. रागातच गिळला.

ऊब नाही पसरली.

१८ एप्रिल

मावशींनी आज सूपमध्ये मीठ दोनदा घातलं. उंदीर म्हणाले, मावशी, प्रेमात पडलात की काय? त्या हसल्या. मग चमच्याने थोडं घेऊन चाखलं, पुन्हा चाखलं, आणि चमच्याकडेच बघत राहिल्या.

माझ्यासाठी पाव ठेवला होता. त्यावर लोणी लावलं होतं. दिवसेंदिवस वाळत चाललीस म्हणाल्या. त्यांच्या कमरेचा एप्रन सैल झाला होता.

मी कप्प्यात जाऊन झडपेला सांगितलं. ताई, पुरे. हिला माहीत नव्हतं. हिला सोड.

पेला आला. मी थुंकले.

लगेच दुसरा आला.

२० एप्रिल

सगळे थुंकते आहे. झडप बंद होत नाही. आकड्याचे पेलेही आता तसेच लागतात – चिप्स, नूडल्स, जेली – सगळ्यांत साबण आणि दूध. उंदरांना विचारलं, तुम्हाला यात काय लागतं? गरिबी, म्हणाले.

चार शेरे कोरे दिले.

२१ एप्रिल

आजारपणाची रजा टाकली. घरी राहिलं की सुटेन असं वाटलं होतं.

सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणला. दुसऱ्याच बेकरीचा. पहिला घास – मावशी. त्यांची उशी, त्यांच्या पायाची भेग, त्यांचा एक मुलगा लहानपणीच गेला होता, त्याचं झबलं. तोंड भरून आलं. थुंकले.

अंडं उकडलं. तेच. केळं. तेच.

ताई, मी तिघं म्हटलं होतं. कबूल. मी म्हटलं होतं. पण मीच आता –

२२ एप्रिल

पाणीही.

नळाचं, बाटलीतलं. नुसतं ओठाला लावलं तरी. चूळ भरून टाकते, घोट घेत नाही. जीभ लाकडासारखी झाली आहे.

दुपारी उंदरांचा फोन. मावशी भांडी घासता घासता खाली बसल्या, उठवावं लागलं. तुमचं विचारत होत्या, म्हणाले. पोरगी जेवते का विचारत होत्या. मी फोनवर काही बोलले नाही. चूळ तोंडात होती.

२३ एप्रिल

थुंकीही.

सकाळी जागी झाले तेव्हा झोपेत गिळलेली होती. किती वेळा ते कळायला मार्ग नाही. घशात दूध आणि साबण.

आता झोपायचं नाही. कामावरून आणलेला झाकणाचा पेला मांडीवर घेऊन बसते. तोंडात साठलं की थुंकते. बाईमाणसाने एवढं थुंकू नये, आई म्हणाली असती. पेल्याच्या काठावर चंद्रकोरी उमटल्या आहेत. माझ्या नखांच्या की –

दिवसाला एवढी लाळ येते हे माणसाला एरवी कळतही नाही.

ताईला राग आहे. मला वाटलं होतं ती माझ्यासाठी –

ती मला ओळख म्हणते आहे. ओळखलं ना. ओळखलं. मावशी आहेत. गिळल्याशिवाय उत्तर नाही तिच्याकडे. अजून तोच नियम.

२४ एप्रिल

दारावर कुणीतरी. टकटक नाही, हाताची थाप. जिना चढून धापा टाकणं.

मावशी.

दारातच टेकल्या. केवढ्याशा झाल्यात – पाखराएवढ्या. डबा घेऊन आल्या आहेत. बस बदलून, दोन मजले चढून. पत्ता उंदरांनी दिला म्हणाल्या. माझ्या तोंडाला चवच नाही बाई, म्हणाल्या, मिठाचा अंदाजच येईना, तू चाखून सांग.

बोलता येत नाही. तोंड भरलेलं. हाताने सांगते, जा. त्यांना वाटतं, बस म्हणते आहे.

बसल्या.

पेला भरला होता. त्यांनी उचलला, शी म्हणाल्या, असं जवळ ठेवू नये, आणि धुवायला मोरीत घेऊन गेल्या. पेला नाही. पालथी झाले, चादरीवर थुंकले. पुन्हा भरलं.

म्हणून लिहिते आहे. मोठ्या अक्षरांत लिहिलं. जा मावशी. माझ्याजवळ थांबू नका. वही त्यांच्यापुढे धरली.

त्या वहीकडे बघून हसल्या. काय काय खावंसं वाटतंय ते लिहितेस का? लिही, लिही. बरी झालीस की सगळं करून घालीन.

वाटीत ओतलं. वाफ येते आहे. एक घास गं, म्हणतात. एवढं गिळ बाळा, म्हणजे सुटलीस.

दात आवळलेत. मान हलवते – नाही, नाही. लाळ ओठाच्या कडेने – घसा आपोआप –

हनुवटीवर नख टेकलं. टक.

टक.

मावशींचे दोन्ही हात तर वाटीवर